कार्बनाचा पापुद्रा आणि अणूंचे पुंजके

लेण्याद्रीच्या कातळावर छिन्नीचा घाव बसला की कपच्या कातळाच्या उडत व छिन्नी शाबूत राही. परंतु मुंबईस, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ साली कार्यान्वित झालेल्या पेलेट्रॉन त्वरकात प्रकार बहुतांशी उलटा घडतो. तेथे ऋणभारित आयन १ कोटी ४० लक्ष व्होल्टांपर्यंतच्या विभवाकडे खेचले जातात आणि तेथे टांगलेल्या कार्बनाच्या पापुद्र्यातून पार होतात. हा पापुद्रा इतका तलम, की चौरस सेंटिमीटरामागे त्याचे वजन ग्रॅमच्या काही दशलक्षांशांएवढेच भरते. आता एकट्या अणूऐवजी अणूंचा बांधीव पुंजका धाडला, तर आरंभीच्या थरांतच त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात, बंध नाहीसे होतात, आणि धनभारित घटक परस्परांस लोटीत विखुरतात. यासच कूलोम स्फोट म्हणतात. पापुद्राही झिजतो, आणि वेळोवेळी बदलावा लागतो, ही तंत्रज्ञांची नित्याची डोकेदुखी. माझ्या मते खरे नवल निराळेच आहे: सुटेसुटे शिरणाऱ्या दोन वेगवान प्रोटॉनांपेक्षा जोडीने शिरणारे प्रोटॉन पदार्थातील इलेक्ट्रॉनांस एकाच वेळी हेलकावा देऊन अधिक ऊर्जा जमा करतात, आणि हा हिशेब १९७४ साली प्रयोगान्ती सिद्ध झाला.