सिझर: खरी कारणं, अर्धी कारणं आणि नुसती भीती

आजचा विषय घराघरांत बोलला जातो, पण अर्धवट. बाळ बघायला आलेले पाहुणे वजनाच्या आधी विचारतात, "नॉर्मल की सिझर?" सिझर म्हटलं की पुढची वाक्यं ठरलेली. एक तर "डॉक्टरांनी पैशासाठी केलं असणार," नाहीतर बाळंतिणीलाच टोमणा, "हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत." मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दोन्ही वाक्यं रोज ऐकते.

आधी पहिल्या शंकेबद्दल. ती अगदीच निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली साधारण २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत तब्बल ४७.४ टक्के. एवढा फरक निव्वळ आजारपणाचा असू शकत नाही. पण म्हणून प्रत्येक सिझरकडे संशयाने बघितलं, तर ज्या बाईला त्याची खरोखर गरज आहे तिचे नातेवाईक सही करायला वेळ लावतात. तो वेळ कधी कधी जिवावर बेततो. म्हणून कारणं समजून घेऊ.

पहिला गट पक्क्या कारणांचा. इथे वाद नाही. वार पिशवीच्या तोंडावरच बसलेली असेल, तर बाळाच्या वाटेवर आधी वार येते. पिशवीचं तोंड उघडायला लागलं की ती सुटते आणि प्रचंड रक्तस्राव होतो. इथे सिझरच करायचं. मात्र एक लक्षात ठेवा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असं आलं म्हणून घाबरू नका. पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. साधारण ३२ आठवड्यांना पुन्हा बघतात, मगच ठरवतात.

कळा सुरू झाल्यावरही बाळ आडवं असेल, तर ते खालून येऊच शकत नाही. पाणी गेल्यावर बाळाच्या आधी नाळ खाली घसरली, तर ती दाबली जाते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथे मिनिटं मोजावी लागतात. आधीच्या सिझरमध्ये पिशवीवर उभा छेद घेतला असेल, तर कळांमध्ये तो उसवण्याचा धोका मोठा असतो. पोटावरच्या टाक्यांवरून आतला छेद कळत नाही, म्हणून जुनी फाईल जपून ठेवा.

दुसरा गट "बघून ठरवू" असा. बाळ पायाळू असेल, म्हणजे डोक्याऐवजी कुल्ले किंवा पाय खाली असतील, तर अडचण अशी की अंग बाहेर येतं आणि सगळ्यांत मोठा भाग, डोकं, शेवटी अडकू शकतं. पायाळू माणसाने पाय लावला की कंबरेची उसण जाते असं आपल्याकडे म्हणतात, पण जन्माच्या वेळी त्याचीच कसोटी असते! बहुतेक ठिकाणी इथे सिझरचा सल्ला देतात. त्याआधी, ३६-३७ आठवड्यांच्या आसपास, पोटावरून हाताने बाळ फिरवायचा प्रयत्न काही जणींच्या बाबतीत करता येतो. तो होईल का, हे जरूर विचारा.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हेही खरं नाही. आधीचा छेद आडवा आणि खालचा असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघींना यश येतं. जुना टाका उसवण्याची शक्यता दोनशेत एक इतकी असते. ती छोटी असली तरी गंभीर आहे. म्हणून हा प्रयत्न तिथेच करायचा, जिथे रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशनची सोय तयार आहे.

कळा चालू असताना बाळाचे ठोके बघतात. मिनिटाला ११० ते १६० हे नेहमीचे. एकदा ठोके कमी झाले म्हणजे लगेच सिझर असं नाही. आईला कुशीवर वळवतात, कळांचं औषध बंद करतात, पुन्हा बघतात. ठोके सावरलेच नाहीत तर मात्र थांबायचं नसतं. "बाळंतपण पुढे सरकत नाही" हे कारणही तसंच. पिशवीचं तोंड पाच-सहा सेंटिमीटर उघडेपर्यंत वेळ लागणं, विशेषतः पहिलटकरणीला, अगदी स्वाभाविक आहे.

तिसरा गट: जी एकटी कारणं पुरेशी नाहीत. गळ्याभोवती नाळ असणं हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं. चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती ती असते आणि बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. आईची उंची कमी, चष्म्याचा नंबर जास्त, यांवरूनही सिझर ठरत नाही. आणि मुहूर्त! वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत बाळ काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. ग्रह चांगले असतील हो, पण फुप्फुसं तयार हवीत ना!

सिझर फुकटात मिळणारी सुरक्षितता नव्हे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. शिवाय पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात खोल रुजू शकते आणि दर सिझरगणिक ही शक्यता वाढत जाते.

मग डॉक्टरांना काय विचारायचं? तीन प्रश्न. नेमकं कारण काय? थांबलो तर काय होऊ शकतं? दुसरा काही मार्ग आहे का? हे प्रश्न आठव्या महिन्यात, निवांत बसून विचारा. ऐन घाईच्या वेळी उत्तर एका वाक्यात मिळेल. तेव्हा त्या वाक्यावर विश्वास ठेवता यावा, एवढी ओळख आधीच झालेली असू द्या.

आणि पाहुण्यांनो, पुढच्या वेळी "नॉर्मल की सिझर?" ऐवजी "बाई, तू कशी आहेस?" एवढंच विचारा. पोटावर टाके घेऊन रात्रभर बाळाला पाजणारी बाई कुठल्याही अर्थाने कमी आई नसते.

तुमचे प्रश्न कळवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.