विहिरीचा मक्ता आणि आडवा आलेला कातळ

आमच्या कडेगांव तालुक्यांत ताकारी व टेंभू या योजनांचें पाणी आलें, तरी पाळी लांबली म्हणजे ऊस विहिरीवरच तगवावा लागतो. म्हणून विहिरी खोदणें चालूच आहे, आणि त्यांच्या मक्त्यांचे तंटेही.

तंट्याचें मूळ भूमींतच आहे. आपल्याकडील खडक लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून झालेला. थराचा वरचा भाग सच्छिद्र व ठिसूळ, पोटांतला मात्र काळा घट्ट पाषाण. मुरूम लागला म्हणून खालींही तोच लागेल असें कोणी छातीठोकपणें सांगूं नये. शेजाऱ्याच्या विहिरीचा दाखलाही पुष्कळदां फसतो.

कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक तंटा पंच म्हणून आमच्याकडे आला. मालकानें 7 परस विहीर ठराविक रकमेंत उक्ती दिली होती. चौथ्या परसास कातळ लागला. सुरुंगाचा खर्च पेलत नाहीं, कांहीं वाढ द्या, असें मक्तेदारानें विनविलें. मालक कांठावरून म्हणाला, "तुम्ही खोदा तर खरें, मग बघूं." या 'बघूं'वर आणखी दीड परस खोदाई झाली. हिशेबाच्या वेळीं मालकानें कागद पुढें केला. मक्तेदार यारी उचलून निघून गेला, आणि मजुरांची मजुरी बुडाली. आमचें आयुष्य महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत गेलेलें. कागद मालकाच्या बाजूचा, म्हणून निवाडाही तसाच दिला.

कायद्यानें तो चुकला नाहीं. 1872 च्या कराराच्या कायद्याचें 56 वें कलम अशक्य झालेल्या कामापुरतें आहे. महाग पडलेलें काम अशक्य ठरत नाहीं. लष्करासाठीं तूप खरेदी करणाऱ्या अडत्यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें 1960 सालीं हेंच सांगितलें. युद्धामुळें खर्च वाढला ही त्यांची सबब चालली नाहीं. 70 वें कलम केलेल्या कामाचा मोबदला देववितें खरें, पण तें काम कराराबाहेरचें असावें लागतें. मात्र 62 व्या कलमाप्रमाणें उभयतांच्या संमतीनें करार बदलतां येतो. चार परस खोल उभ्या असलेल्या माणसास 'बघूं' हा शब्द संमतीसारखा ऐकूं आला असेल, हें विचारण्याचें आम्हांस त्या दिवशीं सुचलें नाहीं.

तेव्हां कागद करतांना मुरमाचा व कातळाचा दर निरनिराळा लिहावा, आणि तोही ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर. पहारीनें निघेल तो मुरूम, सुरुंगावांचून निघणार नाहीं तो कातळ, ही व्याख्याही त्यांतच असावी; नाहींतर पुढील भांडण त्यावरच होतें. कातळ लागतांच काम थांबवून उभयतांनीं फीत टाकावी, आणि माप व तारीख लिहून सह्या कराव्या. पाणी लवकर लागल्यास उपशाचें डिझेल कोणाचें, हेंही सोडूं नये. मक्तेदारानें बाकी मागण्यास उशीर करूं नये. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसल्यास 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

त्या मालकानें पुढें उरलेली खोदाई दुसऱ्या मक्तेदाराकडून करविली. तो कागद आम्हींच लिहिला, आणि त्यांत कातळाचा दर निराळा घातला. तो पहिल्या मक्तेदारानें मागितलेल्या वाढीहून अधिक पडला.