तेरा दिवसांत दोन गवे

९ डिसेंबर २०२० च्या सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला. दाजीपूरच्या अभयारण्यात तासन्‌तास वाट पाहिल्यावर कुठे नजरेस पडणारं हे जनावर इथे चक्क बंगल्यांमधून चाललं होतं! पूर्ण वाढलेला नर खांद्याशी माणसाएवढा उंच, वजनाला हजार किलोंच्या आसपास. जगातल्या रानगुरांत याच्याहून मोठं कोणी नाही. एरवी हा बुजरा, माणसाचा वास आला की वाट बदलणारा.

बातमी पसरली, बघ्यांची झुंबड उडाली, गवा सैरावैरा धावू लागला आणि जखमी झाला. काही तासांनी भुलीचं इंजेक्शन मारून त्याला धरलं. थोड्याच वेळात तो मेला.

एवढं दांडगं जनावर असं कसं मरतं? धिप्पाड देहातली उष्णता सहज बाहेर पडत नाही. जीव तोडून पळताना स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, त्यांत आम्ल साचतं, अंग तापत जातं. ताण लांबला तर स्नायूंच्या पेशीच फुटतात. त्यांतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतं आणि हृदयही साथ सोडू शकतं. भेदरलेल्या जनावरावर भुलीचं औषधही नीट चढत नाही आणि मात्रा वाढवावी तर धोकाही वाढतो. पाठलाग करून धरलेल्या हरणांत, झेब्र्यांतही हेच घडतं. पाठलाग हीच मोठी जखम असते.

२२ डिसेंबरला बावधन-पाषाणकडे दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी लांब ठेवली, त्याला त्याची वाट शोधू दिली. तो रानाकडे परतला. वन्यजीव सांभाळणं म्हणजे आधी माणसांना आवरणं, हे पुणं तेरा दिवसांत शिकलं, याचं मला फार मोल वाटतं.

बिबट्याला धरून दूर सोडणंही असंच अंगाशी आलं आहे. जुन्नरच्या उसातले बिबटे २००१ नंतर पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले! सोडलेल्या जागी बिबट्या थांबेलच असंही नाही. २००९ मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला.

पुण्याच्या पश्चिमेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं (एनडीए) रान, सिंहगडाचे डोंगर आणि पुढे सह्याद्री अजून आहे. ही हिरवी वाट तुटू दिली नाही, तर आलेल्या जनावराला परतायला रस्ता उरेल. तुमच्या गल्लीत असा पाहुणा आलाच, तर व्हिडिओ काढायला धावू नका. कुत्री आत घ्या, दार लावा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.