पोहरा, बारव आणि नौकेची शिडी

विहिरीतून पोहरा शेंदताना तो पाण्यात असेपर्यंत जणू आपणहून वर येतो आणि पृष्ठभाग सोडताक्षणी हाताला एकदम ओढ देतो, हा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे, त्याला लहानशा शिडाच्या नौकेवरून सागरपर्यटनास निघू पाहणाऱ्या एका वाचकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच ठाऊक आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला मीटरभर उंचीचा काठ चढायला शिडी कशाला हवी, असे त्यांनी विचारले आहे.

सत्तर किलोच्या माणसाचा जवळजवळ सगळा भार समुद्र पेलून धरतो. परंतु तोच माणूस काठाला धरून कमरेपर्यंत वर आला की सुमारे 45 किलो त्याच्या बाहूंवर येतात, आणि कपड्यांत कोंडलेले पाणी, जे आतापर्यंत भारहीन होते, तेही त्यात भर घालते. ऊर्जेचा हिशेब मांडला तर तो विस्मयकारक अल्प निघतो: सव्वा मीटर चढण्यास, स्नायूंची कार्यक्षमता पाव धरूनही, साखरेचा पाव ग्रॅम पुरतो! उणीव ऊर्जेची नसून पाय रोवण्याच्या जागेची आहे. आपल्या बारवांच्या पायऱ्या उन्हाळ्यात पाणी आटत जाते म्हणून खोलवर नेलेल्या असतात. पण त्यामुळेच पाणी अंग उचलून धरीत असतानाच पावलाला पायरी लाभते.

बाजारात झळकणाऱ्या आखूड शिड्यांची शेवटची पायरी पुष्कळदा पाण्याच्या पातळीशीच संपते, आणि तिच्यावर पाय टेकू पाहणाऱ्याचे पाय नौकेच्या पोटाखाली सरकून सारा देह हातांवर लोंबकळतो; दोराच्या शिडीची गत याहून वाईट. अमेरिकेतील मानक निदान 22 इंच शिडी पाण्याखाली असावी असे सांगते. मी पाण्याखाली तीन पायऱ्या मागेन, त्याही रुंद आणि सपाट, कारण नळीवर अनवाणी पाऊल टिकत नाही. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशातील तजवीज तर मला मोलाची वाटते: परत चढण्याचे साधन पाण्यातील माणसाला कोणाच्याही मदतीवाचून हाती येईल किंवा उघडता येईल असेच असले पाहिजे. एकट्याने प्रवास करणाऱ्याची शिडी वर दुमडून बांधलेली असेल, आणि ती खाली ओढणारी दोरी पाण्यापर्यंत लोंबत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

येथे ब्रिटिश आरमाराचे वैद्यक अधिकारी फ्रँक गोल्डन यांचे स्मरण करणे मी कर्तव्य समजतो, कारण नौकानयनाच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते. गार पाण्यातून जिवंत काढलेली माणसे सुटकेच्या वेळीच का दगावतात, याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. हातापायांतील थंड रक्त हृदयाकडे परतते म्हणून, हा तेव्हाचा प्रचलित समज होता. गोल्डन आणि त्यांचे सहकारी हर्वी यांनी 1981 मध्ये तो खोडून लक्ष पाण्याच्या दाबाकडे वळवले. मीटरभर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे 75 मिलिमीटरइतका असतो. तो पायांतील रक्त छातीकडे रेटून हृदयाला साह्य करतो, आणि देह उभा बाहेर ओढला की हा आधार एकाएकी नाहीसा होऊन रक्तदाब कोसळू शकतो.

म्हणून शिडी नुकत्याच पडलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाची. गार पाण्यात फार वेळ राहिलेल्याला, परिस्थिती अनुमती देईल तर, छातीखालून आणि गुडघ्यांखालून दोन पट्टे घालून शीड चढवण्याच्या दोराने आडवाच वर घ्यावा.