सिकलसेलची तपासणी आता चिपवर : लग्नाआधी रक्ताचा एक थेंब

गेल्या पावसाळ्यात कुर्ल्यात, चुनाभट्टीच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर लावले होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक तरुण आई दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आली. बाळाचे दोन्ही तळहात सुजलेले, हात लावला की ते किंचाळायचे. आईजवळच्या पिशवीत तीन दवाखान्यांचे कागद होते. एकावर संधिवाताची शंका, एकावर टॉनिक, एकावर लोहाचे औषध. आम्ही एकच प्रश्न विचारला, "ताई, गाव कोणतं?" ती म्हणाली, "माहेर भंडाऱ्याकडचं, सासर नागपूर जिल्ह्यातलं." तीन दवाखान्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासले. बाळ 'एसएस' निघाले, म्हणजे सिकलसेलचे रुग्ण. आईवडील दोघेही 'एएस', म्हणजे वाहक. आजी म्हणाली, "आमच्या घरात हे कोणालाच नव्हतं. सुनेकडून आलं असेल." आजींना समजवायला आम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या दोन फेऱ्यांत जे सांगितले, तेच या महिन्याच्या आरोग्य पानावर लिहीत आहोत. सोबत एका नव्या तंत्राची माहितीही देत आहोत. त्या तंत्रामुळे हे निदान वस्तीतल्या टेबलावर, दहा मिनिटांच्या आत होऊ शकते.

आजार नेमका काय?

आपल्या रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. प्राणवायू वाहून नेणे हे त्याचे काम. सिकलसेलमध्ये या प्रथिनाच्या लांब साखळीतला एकच दुवा, सहाव्या जागेवरचा, बदललेला असतो. हा बदल १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी शोधला. एवढ्याशा बदलाने प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी पडते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकली की पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदना सुरू होतात. लहान बाळात पहिली खूण बहुधा हातापायांच्या सुजेची असते.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका वॉर्डात रात्रपाळीला, वेदनेने ओरडणाऱ्या एका सिकलसेलच्या मुलाला आम्हीच म्हणालो होतो, "एवढं काय ओरडतोस, थोडं सहन कर." या वेदना हाड मोडल्यासारख्या असतात हे आम्हाला तेव्हा कोणी शिकवले नव्हते. आज वस्तीत फिरताना तो मुलगा डोळ्यांसमोर असतो.

चिप म्हणजे काय?

चिप म्हटले की मोबाईलमधली चिप आठवते. ही वेगळी. प्लॅस्टिक, काच किंवा कागदाच्या छोट्या पट्टीवर केसाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक वाटा कोरलेल्या असतात. प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रात जे घडते, ते त्या वाटांतून रक्ताच्या एका थेंबावर घडवून आणायचे, ही त्यामागची कल्पना.

सिकलसेलसाठी तिचा उपयोग कसा होतो, ते पाहू. १९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनवरचा विद्युतभार सारखा नसतो. वीज सोडली की दोन्ही धावतात, पण वेगवेगळ्या वेगाने. शर्यतीत एक पुढे जातो, दुसरा मागे राहतो, तसेच. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. आपल्या मोठ्या रुग्णालयांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे, पण तिला प्रयोगशाळा आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. एचपीएलसी नावाचे यंत्र त्याहून अचूक मोजमाप देते, मात्र ते महाग असते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुरकान यांच्या गटाने हीच शर्यत हातात मावणाऱ्या डबीत बसवली. तिचे नाव हीमचिप. पुढे हेमेक्स हेल्थ या कंपनीने तिचे गझेल नावाचे बॅटरीवर चालणारे यंत्र केले. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचे. ते द्रावणात मिसळले की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन मोकळे होते. त्याचा बारीकसा ठिपका डबीतल्या खास कागदावर ठेवायचा आणि डबी यंत्रात सरकवायची. वीज सुरू झाली की एकाच ठिपक्याचे पट्टे वेगळे होतात. निरोगी 'ए' सर्वांत पुढे, त्यामागे बाळांमध्ये जास्त असणारे 'एफ', त्याच्याही मागे 'एस'. यंत्रातला कॅमेरा पट्टे वाचतो आणि निकाल पडद्यावर येतो. जबलपूरच्या आयसीएमआरच्या आदिवासी आरोग्य संस्थेने हे यंत्र आपल्याकडच्या रुग्णांवर तपासून पाहिले असून त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

पेशी पाहणाऱ्या चिपही आहेत. रक्तवाहिनीसारख्या बारीक वाटेतून रुग्णाच्या लाल पेशी सोडतात आणि प्राणवायू कमी केल्यावर त्या किती लवकर वाकड्या होतात, कुठे चिकटतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कोणत्या रुग्णाला औषध कितपत लागू पडते हे समजण्यासाठी हे संशोधन उपयोगी आहे. वस्तीच्या शिबिरात मात्र आज कामाची आहे ती प्रथिन ओळखणारी चिप.

शिबिरातली साधी चाचणी आणि चिप

विदर्भातल्या वाचकांना सोल्युबिलिटी चाचणी माहीत असेल. नळीतल्या द्रावणात रक्त टाकतात. द्रावण गढूळ झाले आणि मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या की 'एस' आहे असे समजतात. चाचणी स्वस्त आहे, पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तर ती चुकीने निर्धोक म्हणू शकते. गढूळ निकाल आलेल्याला पुन्हा मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून अनेक जण जात नाहीत. चिपमध्ये 'एए', 'एएस' की 'एसएस' हे तिथल्या तिथे कळते. तिचा खरा फायदा हाच.

तिच्याही मर्यादा आहेत. थॅलेसेमिया आणि सिकल एकत्र असतील तर निकाल फसवा असू शकतो. ज्याला नुकतेच रक्त चढवले आहे, त्याच्या निकालात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दिसते. म्हणून चिपवर दोष दिसला तर एचपीएलसीने खात्री करून घ्यावी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांवर ती अनेक दशके काम करते आहे.

हा आजार 'आपला' आहे का?

नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल वाहकांविषयीचा शोधनिबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. आज विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत हा दोष बराच आढळतो. त्यावरून कोणी "हा त्यांचाच आजार" म्हणत असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा.

पहिली अशी की हा दोष टिकला तो मलेरियामुळे. वाहकाला घातक मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. जिथे मलेरिया होता तिथे हा दोष राहिला. त्यात जातीचा किंवा कर्माचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट जातीची आहे, पण उलट्या बाजूने. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयक निबंधात दाखवले की जातीचा गाभा म्हणजे आपल्यातच लग्न करण्याचे बंधन. बेटीव्यवहाराला असे कुंपण घातले की एखादा दोष त्याच कुंपणात फिरत राहतो आणि दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. जातीबाहेरचे लग्न समतेच्या दृष्टीने चांगले, तसे रक्ताच्या दृष्टीनेही.

लग्नाआधीचा हिशेब

* दोघेही 'एए' : मूल 'एए'च.
* एक 'एए', एक 'एएस' : कोणतेही मूल रुग्ण होणार नाही. प्रत्येक वेळी मूल वाहक होण्याची शक्यता निम्मी.
* दोघेही 'एएस' : प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता 'एसएस', ५० टक्के 'एएस', २५ टक्के 'एए'.
* एक 'एएस', एक 'एसएस' : प्रत्येक वेळी निम्मी शक्यता रुग्ण, निम्मी वाहक.

'चार मुलांत एक' असा याचा अर्थ लावू नका. प्रत्येक गरोदरपणात फासा नव्याने पडतो. वाहक माणूस आजारी नसतो. तो काम करू शकतो, लग्न करू शकतो. दोन्ही वाहकांचे लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या जोडीदाराचा, सासरच्या बैठकीचा नाही.

रुग्ण असेल तर

पाणी भरपूर प्यावे, थंडी आणि अतिश्रम टाळावेत. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. हायड्रॉक्सियुरियामुळे वेदनेचे झटके कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस द्यावी. ताप १०१ च्या वर गेला, धाप लागली, पोट अचानक फुगले किंवा तोंड वाकडे झाले तर घरी थांबू नये. रक्त कमी दिसले म्हणून तपासणीविना लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आमची मागणी

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण पोटासाठी गाव सोडून कुर्ला, गोवंडी, घाटकोपरला आलेला माणूस आपले रक्त सोबत घेऊन येतो. गावात शिबिर होते तेव्हा तो मुंबईत असतो आणि मुंबईत त्याला कोणी गाव विचारत नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत गरोदर बाईची सिकल तपासणी व्हावी, चिपची यंत्रे निदान वॉर्डागणिक एक तरी असावीत, ही मागणी प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने लेखी करावी. नागपूरला संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी करून हा प्रश्न सरकारदरबारी नेला, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईतही अशाच चिकाटीची गरज आहे.

चुनाभट्टीच्या आजी नंतर एकदा आमच्याकडे आल्या. सोबत धाकटा मुलगा होता. त्याचे लग्न जमत होते. त्या म्हणाल्या, "पत्रिका बघत नाही आम्ही. पण याचं रक्त बघा. मुलीकडच्यांनाही सांगून ठेवलंय." मुलगा 'एएस' निघाला, मुलगी 'एए'. लग्न ठरले.

बाळ आता औषधावर आहे. मागच्या हिवाळ्यात एकदाच ॲडमिट करावे लागले, आणि तेव्हा आईने केसपेपर काढतानाच सांगितले, "याला सिकलसेल आहे, आधी दुखणं थांबवा."