सिकेरीच्या तटबंदीवर मुक्काम

गोव्यात समुद्रकाठी आलिशान मुक्काम करायचा असेल, तर माझं पहिलं मत सिकेरीच्या ताज फोर्ट आग्वादला! पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या खालच्या तटबंदीतच हे रिसॉर्ट १९७४ मध्ये सुरू झालं. १९८३ च्या राष्ट्रकुल परिषदेसाठी भारतात जमलेले देशोदेशींचे नेते इथेच विसाव्याला होते. इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचरही त्यांत होत्या. समोर अरबी समुद्र, त्यामुळे सूर्यास्त थेट पाण्यात. वरच्या किल्ल्यावर एकेकाळी जहाजांना गोडं पाणी पुरवणारं प्रचंड टाकं आहे, ते चुकवू नकाच. बुकिंग करताना खोली ‘सी व्ह्यू’ आहे का, हे आधी विचारा. पावसाळ्यात दर उतरतात, पण दर्या खवळलेला असतो. तेव्हा पाण्यात अजिबात उतरू नका.