चुना, सिमेंट आणि मजुरीचा हिशेब

ठाण्याचा किल्ला आम्हां ठाणेकरांना तुरुंग म्हणूनच अधिक परिचयाचा. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे येथेच फासावर गेले. अशी वास्तू राखावी, याबद्दल सभेत दुमत नसते. दुमत होते ते पैशाची गोष्ट निघाली म्हणजे.

सिमेंटचा गिलावा स्वस्त आणि झटपट, हे खरे. परंतु जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. पावसाळ्यात तिच्यात मुरलेले पाणी पुढे चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने ही वाट बुजते. पाणी आत कोंडते, क्षार दगडाच्या पोटात साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. मग तो गिलावा फोडावा लागतो, आणि त्याबरोबर दगडही फुटतो. हा दुसरा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. जळणाचेही तसेच : चुना भाजायला सुमारे ९०० अंश उष्णता पुरते, सिमेंटला सुमारे १४५० लागते, शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कर्बवायू काही अंशी परत घेतो.

चुना मळणे, मुरवणे, थापणे हे हातांचे काम आहे. म्हणून खर्चातला मोठा वाटा मजुरीत जातो. आम्ही कामगार संघटनेची माणसे, मजुरीची बाजू घेणारच, असे कोणी म्हणेल. म्हणोत. पण दुसरी बाजूही आम्ही झाकीत नाही. काम सावकाश चालते, जाणते गवंडी थोडे उरले आहेत, पावसात काम थांबते तेव्हा रोजंदारीवाल्याची चूल थंडावते, आणि कळीच्या चुन्याने डोळे जातात.

किल्ला सरकारचा, तेथे निदान पैसे कोणी द्यायचे हे ठरलेले आहे. कल्याणच्या जुन्या वाड्यांत तेही नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच एवढीशी की तीत कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत. मालक म्हणतो, परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर खर्च का करू? दोघेही खोटे बोलत नाहीत. तुळयांना वाळवी लागून वाडा खचला असेल, तर तो उतरवावा. माणसांपेक्षा लाकूड मोठे नव्हे. पण जो सावरता येतो, तो भाडेकरूंना बाहेर काढून सावरला, तर नफा कोणाच्या नावे मांडायचा?

म्हणून आमचे नगरपित्यांना सांगणे एवढेच, की निविदा काढण्यापूर्वी मजुरांचा पावसाळी भत्ता आणि भाडेकरूंच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा खर्च या दोन रकमा अंदाजपत्रकात वेगळ्या दाखवाव्यात.